जुन्या बुद्धिबळ-पुस्तकाची नवी आवृत्ती कशी काढावी?

प्रश्न थोडक्यात असा: १९२०-३० च्या काळातलं एक नावाजलेलं इंग्रजी पुस्तक, चाली सगळ्या 'पी-के४' छापाच्या जुन्या पद्धतीत. आजच्या मुलांना ते वाचता येत नाही. मराठीत नवी आवृत्ती काढायची तर चाली नव्या, म्हणजे 'ई४' छापाच्या पद्धतीत उतरवल्या की झालं का? आणि इंजिन (चाली तपासणारा संगणकी प्रोग्रॅम) दाखवतं त्या चुका दुरुस्त करायच्या का?

चाली उतरवल्या की झालं, असं नाही. पण निम्मं काम तेच आहे आणि बहुतेक आवृत्त्या तिथेच घसरतात. चुका दाखवायच्या, पण लेखकाच्या वाक्यात हात न घालता, वेगळ्या टिपेत आणि वेगळ्या टायपात. त्याही सगळ्या नाहीत. लेखक जो धडा शिकवतोय तो ज्या चुकीने मोडतो, तेवढीच दाखवायची.

ही सोवळेपणाची गोष्ट नाही, यात हात पोळलेले आहेत. अमेरिकन खेळाडू बॉबी फिशरच्या साठ डावांच्या पुस्तकाची (मूळ १९६९) नव्या नोटेशनमधली, म्हणजे चाली लिहिण्याच्या नव्या पद्धतीतली आवृत्ती १९९५ साली लंडनमध्ये निघाली. संपादक कच्चे नव्हते, चांगले खेळाडू होते. पण त्यांनी फिशरच्या मजकुरात आणि विश्लेषणात परस्पर बदल केले. फिशरने जाहीरपणे आगपाखड केली, आणि २००८ साली त्याच प्रकाशनाला मूळ शब्दांकडे परतणारी आवृत्ती काढावी लागली. दुसरं उदाहरण क्यूबाचा विश्वविजेता कापाब्लांका याच्या १९२१ च्या प्राथमिक पुस्तकाचं. २००६ मध्ये अमेरिकेत त्याची 'एकविसाव्या शतकासाठी सुधारलेली' आवृत्ती आली. तिच्यात मूळ सामग्री बदलली आणि नवे डाव घातले. टीका व्हायची ती झालीच, पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते: १९२१ चा मजकूर आजही ताजा वाटतो आणि २००६ ची भर शिळी.

सुरुवात हक्कांपासून करा, कारण इथे अडलं तर पुढचं सगळं फुकट. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क चालतो. कापाब्लांका १९४२ मध्ये गेला, म्हणजे त्याचं स्वतःचं लेखन १ जानेवारी २००३ पासून मोकळं. त्याच्यानंतरचा विश्वविजेता अलेखाइन १९४६, म्हणजे २००७ पासून. डच विश्वविजेते मॅक्स यूवे १९८१ मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकांना २०४१ संपेपर्यंत हात लावता येत नाही. अनुवादाचा हक्क वेगळा असतो, हे लोक विसरतात. निम्झोविच या खेळाडू-लेखकाचं मूळ जर्मन पुस्तक ('माय सिस्टम') केव्हाच मोकळं झालं, पण बाजारात मिळणारे इंग्रजी अनुवाद १९२९ चा, २००७ चा असे वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळा. २००७ च्या इंग्रजीवरून मराठी करायचं तर परवानगी लागेल. तसंही जर्मन पुस्तक जर्मनवरूनच करावं. अनुवादाचा अनुवाद केला की शैली आधी जाते आणि पाठोपाठ अर्थ. नुसत्या चालींवर सहसा कोणी हक्क सांगत नाही, भाष्यावर सांगतात.

आता नोटेशन. जुन्या पद्धतीत पटाच्या उभ्या ओळींना सुरुवातीला तिथे उभ्या असलेल्या मोहऱ्यांची नावं असतात (के राजा, क्यू वजीर, आर हत्ती, बी उंट, केटी घोडा; पी म्हणजे प्यादं). पांढऱ्याच्या डावीकडून क्यूआर म्हणजे ए, क्यूकेटी म्हणजे बी, क्यूबी म्हणजे सी, क्यू म्हणजे डी, के म्हणजे ई, केबी म्हणजे एफ, केकेटी म्हणजे जी आणि केआर म्हणजे एच. आडव्या रांगा मात्र ज्याची चाल असेल त्याच्या बाजूने मोजतात. त्यामुळे पांढऱ्याची पी-के४ म्हणजे ई४, आणि काळ्याची पी-के४ म्हणजे ई५. काळ्यासाठी सोपा हिशोब: नऊमधून आकडा वजा करा. फिडेने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने, १९८१ पासून या पद्धतीला मान्यता देणं बंद केलं. म्हणून आज चाळिशीच्या आतल्या खेळाडूला ती ओळखीची नसते.

या हिशोबाने यांत्रिकपणे रूपांतर करता येईल असं वाटतं, आणि तिथेच फसायला होतं. जुना लेखक चाल शक्य तितकी आखूड लिहितो. दुसरी शक्यता पटावर नसेल तर तो बाजू सांगत नाही. म्हणजे चालीचा अर्थ तिच्या अक्षरांत नसतो, त्या क्षणीच्या पोझिशनमध्ये असतो. सगळ्यांना पाठ असलेला डाव घ्या: अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फीचा १८५८ चा पॅरिसच्या ऑपेरातला. जुन्या पुस्तकात काळ्याची तिसरी चाल नुसती 'बी-केटी५' अशी असते. केटी५ घरं दोन, बी४ आणि जी४. मग हे जी४ कशावरून? काळ्याने आधीच्या चालीत डी६ खेळलंय, त्यामुळे एफ८ च्या उंटाची बी४ कडे जाणारी वाट बंद आहे. सी८ चा उंटच तेवढा केटी५ ला जाऊ शकतो, आणि तो जातो जी४ वर. नवव्या चालीला पांढऱ्याचा उंट त्याच नावाच्या घरात जातो, पण तिथे लेखकाला 'बी-केकेटी५' असं पूर्ण लिहावं लागतं. कारण सी१ चा उंट जी५ ला जाऊ शकतो आणि सी४ चा बी५ ला.

अकरावी चाल तर शिकवण्यासारखी आहे. 'बी×केटीपी शह' (× म्हणजे मारणं). नुसतं 'बी×पी शह' का नाही? कारण सी४ चा उंट बी५ चं प्यादं मारून शह देऊ शकतो, तसंच एफ७ चंही. म्हणून कोणतं प्यादं ते सांगितलंय. पण ते बी५ चं प्यादं जन्माने घोड्याचं नाही. ते सी७ वरून सी६ ला आलं आणि दहाव्या चालीत बी५ वर मारून बसलं. जुन्या पद्धतीत प्यादं आत्ता ज्या ओळीत उभं त्या ओळीचं नाव त्याला लागतं. हे माहीत नसलेला रूपांतरकार मूळ घोड्याचं प्यादं शोधत बसतो. लगेच काळ्याचं उत्तर 'क्यूकेटी-क्यू२': डी७ वर बी८ चा घोडाही येऊ शकतो आणि एफ६ चाही. (जी५ च्या उंटाने एफ६ चा घोडा वजिरावर बांधलाय, राजावर नाही, म्हणून त्याची चाल कायदेशीर आहे.) नव्या पद्धतीत इथे बी-ओळीचा घोडा असं सांगावंच लागतं. आणि सोळाव्या चालीचं प्रसिद्ध वजिराचं बलिदान नुसतं 'क्यू-केटी८ शह'. बी३ वरून वजीर बी८ ला जातो. जी८ ची तिरपी वाट ई६ च्या काळ्या वजिराने अडवली आहे, म्हणून लेखक बाजू सांगत नाही.

सतरा चालींच्या डावात एवढ्या जागा. म्हणून नियम एकच: रूपांतर कागदावर करायचं नाही, पटावर किंवा डेटाबेस प्रोग्रॅममध्ये चाल खेळून करायचं. नव्या नोटेशनची अक्षरं प्रोग्रॅमला तयार करू द्या. चाल बेकायदा असेल तर तो तिथेच अडेल. पण कायदेशीर आणि तरी चुकीची चाल तो पकडणार नाही. दोन्ही हत्ती ई१ ला जाऊ शकत असतील आणि जुन्या छापखान्याने कंसातलं घर गाळलं असेल, तर चूक पुढे पाच-दहा चालींनी उघडी पडते किंवा पडतच नाही. म्हणून प्रत्येक डावात पुस्तकातल्या छापील आकृतीशी पोझिशन ताडून पाहा. आकृती जुळली नाही तर मागच्या आकृतीपासून पुन्हा या. आकृतीतही चुका असतात, गळलेलं प्यादं ही सर्वांत नेहमीची. पण चाल आणि आकृती दोन्ही एकाच पद्धतीने चुकलेल्या क्वचितच सापडतात.

स्कॅन करून मजकूर काढणार असाल तर यंत्र कुठे चकतं ते आधी जाणा. 'केटी'तला बारीक 'टी' गळला की घोड्याचा राजा होतो. रोमन 'बी' आणि आठ, 'क्यू' आणि शून्य, एक आणि बारीक 'एल' यांची अदलाबदल होते. जोडरेघ गायब होते. कॅसलिंगचा (राजा आणि हत्तीच्या एकत्र चालीचा) घोळ वेगळाच आहे. फिडेच्या नियमांत ते शून्यांनी लिहितात, पण पीजीएन फाइलमध्ये (डाव साठवायची संगणकी पद्धत) रोमन मोठं 'ओ' लागतं. शून्य टाकलं तर काही प्रोग्रॅम चाल वाचतच नाहीत आणि तिथून पुढचा डाव कापला जातो. सहा महिन्यांनी कोणीतरी विचारतो, हा डाव बाराव्या चालीलाच का संपला?

भाष्यातल्या उपचाली (डावात न खेळलेल्या पर्यायी वाटा) डावापेक्षा कठीण असतात. जुने लेखक एकाच परिच्छेदात 'जर पी×पी; तर क्यू×पी, आर-के१; आणि मग...' असं चालीचा क्रमांक न देता लिहितात. पहिलं काम, ही उपचाल कोणत्या चालीच्या जागी सुरू होते ते ठरवणं. छापील चालीच्या जागी की त्यानंतर? दोन्ही करून पाहा. शेवटी लेखक जो निष्कर्ष देतो ('आणि काळा एक मोहरा जिंकतो') तो ज्या वाटेने खरा ठरतो, ती वाट. भाष्यासकट एका डावाला दोन-तीन तास धरा. साठ डावांचं पुस्तक नोकरी सांभाळून करायचं तर हे एका सुट्टीत उरकणारं काम नाही.

चाली झाल्या की लोक सुटकेचा श्वास टाकतात, पण वाक्यांतही जुनं नोटेशन लपलेलं असतं. 'काळ्याच्या क्यू४ वरचं भोक' म्हणजे डी५. 'सातव्या रांगेतला हत्ती' पांढऱ्याचा असेल तर ठीक. काळ्याचा असेल तर तो नव्या आकड्यांनी दुसऱ्या रांगेत आहे. मराठीत 'प्रतिस्पर्ध्याच्या प्याद्यांच्या रांगेत' म्हणा, घोळच मिटतो. 'राजाचा उंट' हा शब्द तर सापळाच. पांढऱ्याचा राजाचा उंट एफ१ वरचा, म्हणजे पांढऱ्या घरांचा. काळ्याचा एफ८ वरचा, म्हणजे काळ्या घरांचा. लेखक एका वाक्यात दोघांबद्दल बोलत असेल आणि तुम्ही सरसकट 'पांढऱ्या घरांचा उंट' केलंत तर सगळं स्पष्टीकरण उलटं होतं.

ओपनिंगची (डावाच्या सुरुवातीच्या चालींची) नावं लेखकाची ठेवा, पहिल्या उल्लेखाला टिपेत आजचं नाव द्या. सेंटर काउंटर म्हणजे आजचा स्कँडिनेव्हियन, रुय लोपेझ म्हणजे स्पॅनिश. 'इंडियन डिफेन्स' दिसलं की भारतीय वाचकासाठी दोन ओळी जास्त लिहायला हरकत नाही. हे नाव कलकत्त्याच्या मोहेशचंद्र बॅनर्जींच्या खेळावरून आलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ते जॉन कॉक्रेन या ब्रिटिश खेळाडूशी जे डाव खेळले त्यांत हे सापडतं. जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्यांचं नाव निरनिराळ्या स्पेलिंगांनी येतं, कधी नुसताच 'ब्राह्मण' असा उल्लेख असतो. पंजाबातला मीर सुलतान खान १९२९, १९३२ आणि १९३३ असा तीनदा ब्रिटिश विजेता झाला, पण त्याच्याबद्दलची वाक्यंही अनेकदा वरून खाली बघणारी असतात. ती वाक्यं पुसू नका, टिपेत माणूस कोण होता ते सांगा. एरवी जिथे इतिहास नाही, नुसता ढंग आहे (प्रत्येक वाचक पुरुषच असतो असं धरून लिहिलेलं इंग्रजी), तिथे मराठीत 'तुम्ही' वापरलं की प्रश्नच राहत नाही.

डावांच्या नोंदी तपासताना डेटाबेसवर आंधळा विश्वास नको. पुस्तक आणि डेटाबेस जुळले म्हणजे बरोबर असं नाही, कारण अनेकदा डेटाबेसमधला डाव त्याच पुस्तकातून गेलेला असतो. शक्य तिथे त्या स्पर्धेचं स्पर्धापुस्तक किंवा त्या काळचं मासिक पाहा. लेखकाने स्वतःचा डाव सजवलेला असण्याचीही शक्यता धरा. अलेखाइनने १९१५ च्या मॉस्कोतल्या डावातून पाच वजिरांची जी प्रसिद्ध पोझिशन दिली, ती खेळलेल्या डावातली नसून विश्लेषणातली उपचाल होती. असं दिसलं तर डाव काढू नका, टिपेत सांगा. एकोणिसाव्या शतकातल्या डावांत आणखी दोन गोष्टी येतात. पहिली चाल पांढऱ्याचीच हा दंडक तेव्हा सगळीकडे पक्का नव्हता, त्यामुळे काळ्याने सुरू केलेले डाव नंतरच्या पुस्तकांत रंग उलटवून छापलेले सापडतात. आणि मोहरा सवलत देऊन खेळलेले डाव. पांढऱ्याचा बी१ चा घोडा काढून ठेवलेला असतो. फाइलमध्ये सुरुवातीची पोझिशन वेगळी नोंदवली नाही तर पहिल्या काही चाली सुरळीत जातात आणि मग अचानक गोंधळ होतो.

आता इंजिन. इथे बहुतेकांचा हात सुटतो. स्टॉकफिश फुकट मिळतं, प्रत्येक चालीला आकडा देतं, आणि दर तिसऱ्या चालीला लेखक 'चुकलेला' दिसतो. ते सगळं छापलं तर पुस्तक लेखकाचं राहत नाही, प्रिंटआउट होतं. चाळणी अशी लावा. निर्णायक पोझिशनवर इंजिनला काही मिनिटं द्या, तीन सर्वोत्तम वाटा एकाच वेळी दाखवायला लावा आणि एकच प्रश्न विचारा: निकाल बदलतो का? लेखक 'जिंकतो' म्हणतो आणि प्रत्यक्षात बरोबरी आहे, किंवा 'बरोबरी' म्हणतो आणि मात आहे, तर टीप हवीच. निकाल तोच, फक्त आणखी चांगली चाल होती, तर टीप नको. अपवाद एकच: ती चाल लेखकाच्याच मुद्द्याला बळ देत असेल तर.

ऑपेरातल्याच डावात आठव्या चालीला पांढऱ्याचा वजीर बी७ चं प्यादं खाऊ शकतो. काळा बी४ वर शह देऊन वजीर मारामारी करतो आणि पांढरा एका प्याद्याने वर राहतो. मॉर्फीने त्याऐवजी सी३ वर घोडा काढला. इंजिनच्या आकड्यांवर टीप लिहिणारा संपादक इथे 'मॉर्फीने संधी दवडली' असं लिहील. पण हा डाव शिकवणारा प्रत्येक लेखक इथेच थांबून मोहरे बाहेर काढण्याचं महत्त्व सांगतो, आणि मॉर्फीची चाल पांढऱ्याचं वर्चस्व सोडत नाही. इथे टीप द्यायची तर 'प्यादं खाणंही चांगलं होतं, मात्र वजीर पटावरून जातात' एवढीच. खरी चूक काळ्याची नववी चाल बी५, आणि तिच्याबद्दल जुने लेखक बरोबरच लिहितात.

आकडे वाचतानाही सावध राहा. स्टॉकफिशच्या १५.१ आवृत्तीपासून (डिसेंबर २०२२) आकड्यांचं माप बदललं. +१.०० म्हणजे एक प्यादं वर असं राहिलं नाही, तर जिंकण्याची शक्यता साधारण ५० टक्के असा त्याचा अर्थ झाला. दहा वर्षांपूर्वी कोणी केलेल्या तपासणीतला +०.७० आणि तुमचा +०.७० एक नाहीत. म्हणून छापील टिपेत आकडा घालूच नका. शब्दांत लिहा आणि तीन-चार चालींची वाट दाखवा. वाचकाला पटावर मांडून पटायला हवं. इंजिन असं म्हणतं, हे कारण होत नाही. कोंडीबंद पोझिशनमध्ये, जिथे एक बाजू किल्ल्यासारखी बसलेली असते आणि कुठूनच शिरता येत नाही, तिथे इंजिन तासन्‌तास +२ दाखवत राहतं आणि जिंकत नाही. लेखक अशा ठिकाणी बरोबरी म्हणत असेल तर त्याला खोटं ठरवण्याआधी इंजिनला इंजिनशी खेळवून पाहा.

एंडगेममध्ये मात्र वाद उरलेला नाही. दोन्ही राजे आणि प्यादी धरून सात किंवा कमी मोहरे पटावर असतील तर टेबलबेसचं (सगळ्या पोझिशनचे निकाल आधीच काढून ठेवलेल्या साठ्याचं) उत्तर अंतिम. सिझिजी नावाच्या टेबलबेसचा पाच मोहऱ्यांपर्यंतचा संच सुमारे १ जीबीचा, सहाचा सुमारे १५० जीबी, सातचा १७-१८ टेराबाइट. सातचा घरी कोणी ठेवत नाही, लिचेस या संकेतस्थळावर ऑनलाइन विचारता येतो. जुन्या एंडगेम पुस्तकांत इथेच सर्वांत मोठ्या दुरुस्त्या निघतात. नमुन्याचं प्रकरण दोन उंट विरुद्ध एक घोडा. क्लिंग आणि हॉर्विट्झ यांनी १८५१ मध्ये घोड्याची बी७ सारख्या घरावरची बचावाची मांडणी दाखवली, आणि शंभरहून जास्त वर्षं पुस्तकं 'हे बरोबरीचं' असं सांगत राहिली. १९८३ च्या सुमारास संगणकतज्ज्ञ केन थॉम्पसनने संगणकाने सगळ्या पोझिशन तपासल्या तेव्हा कळलं की हा एंडगेम सर्वसाधारणपणे जिंकलेला आहे, तो किल्लाही फोडता येतो, आणि घोडा मारायला जास्तीत जास्त ६६ चाली लागतात.

आता अशा पानावर टीप कशी लिहाल? 'लेखक चुकला' हे अर्धंच खरं. ५० चालींचा नियम (एवढ्या चालींत मारामारी किंवा प्याद्याची चाल झाली नाही तर बरोबरी मागता येते) आड येतो, म्हणून प्रत्यक्ष स्पर्धेत यातल्या बऱ्याच पोझिशन बरोबरीतच सुटतील. (मधल्या काळात फिडेने काही एंडगेमसाठी ही मर्यादा वाढवून पाहिली आणि पुन्हा ५० वर आणली.) टेबलबेस हे दोन निकाल वेगळे दाखवतो, टिपेतही वेगळेच द्या: सिद्धांताने जिंकलेलं, नियमाने बरोबरी. इथे आठवलं म्हणून: हत्ती आणि प्याद्याच्या एंडगेममधली ती सुप्रसिद्ध 'लुसेना' पोझिशन लुसेनाच्या १४९७ च्या पुस्तकात नाहीच. ती साल्व्हिओच्या १६३४ च्या पुस्तकात सापडते. नाव बदलायला जाऊ नका, कोणी ओळखणार नाही.

साठ डावांच्या पुस्तकात डावामागे सरासरी दोनहून जास्त टिपा होऊ लागल्या तर चाळणी सैल आहे असं समजा. छापखान्याच्या चुका (ई३ च्या जागी ई४) मजकुरात दुरुस्त करून शेवटी एका यादीत द्या, पान आणि ओळीसकट. विश्लेषणातल्या दुरुस्त्या त्याच पानावर, लहान टायपात, चौकटी कंसात आणि 'संपा.' अशा खुणेने. लेखकाची उद्गारचिन्हं आणि प्रश्नचिन्हं जशीच्या तशी. '!?' आणि '?!' यांसारखी मिश्र चिन्हं जुन्या लेखकाच्या भाष्यात स्वतःहून पेरू नका. वाचकाला ते लेखकाचंच मत वाटतं.

ओपनिंगचा सिद्धांत अद्ययावत करण्याच्या फंदात पडूच नका. १९२५ च्या लेखकाने एखादी वाट वाईट ठरवली आणि आज ती अव्वल खेळाडू खेळतात, तर एका ओळीत तसं सांगा आणि थांबा. चाली घालाल तर पाच वर्षांत तुमचीच भर कालबाह्य होईल. लेखकाची कारणं मात्र शाबूत राहतात.

आकृत्या वाढवा, इथे कंजूषी नको. जुनी पुस्तकं समोर पट मांडून वाचली जायची, म्हणून अख्ख्या डावाला दोन आकृत्या चालायच्या. आजचा वाचक गाडीत फोनवर वाचतो. दर सहा-सात चालींना एक, आणि उपचाल पाच चालींहून लांब असेल तर तिच्या शेवटी एक. आकृती हाताने मांडू नका, फाइलमधूनच काढा, म्हणजे चाल आणि चित्र वेगळं पडत नाही. पांढरा नेहमी खाली, कडेला अक्षरं आणि आकडे, आणि चाल कोणाची त्याची लहान खूण. मूळ लेखकाच्या आणि तुम्ही घातलेल्या आकृत्यांत फरक दिसेल अशी काही सोय करा, चौकटीची रेघ बारीक केली तरी पुरे.

मराठीचा प्रश्न राहिला. फिडेच्या नियमांप्रमाणे मोहऱ्यांची आद्याक्षरं आपल्या भाषेतली चालतात, आणि रा, व, ह, उ, घ ही पाचही वेगळी आहेत. इंग्रजीत राजा आणि घोडा एकाच अक्षराने सुरू होतात तसा घोटाळा आपल्याकडे नाही. तरीही छापील चालींत मोहऱ्यांची चित्रं वापरावीत असं माझं मत आहे, आणि घरांची अक्षरं-आकडे रोमनच. महाराष्ट्रातली मुलं स्पर्धेत स्कोअरशीटवर रोमन अक्षरंच लिहितात, पटाच्या कडेलाही तीच छापलेली असतात, ॲपमध्येही तीच. देवनागरीत 'घएफ३' लिहिलं तर त्यांना आणखी एक नोटेशन शिकावं लागेल, आणि मग जुन्यातून सोडवल्याचा फायदा काय? वाक्यांत मात्र हत्ती, उंट, घोडा, वजीर हे आपलेच शब्द. पिन, फोर्क, टेम्पो, एक्सचेंज, झुगझ्वांग हे शब्द क्लासमध्ये जसे बोलतात तसेच ठेवा. 'बांधणे' आणि 'मोकळं प्यादं' रुळलेत, ते वापरा. पण प्रत्येक संज्ञेला संस्कृत प्रतिशब्द घडवत बसलात तर वाचकाला शेवटी शब्दार्थांची सूची उघडूनच वाचावं लागेल.

युरोपी पद्धतीशी जुळवून घेण्याची ही खटपट आपल्याकडे नवी नाही. त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचं पुस्तक १८१४ मध्ये मुंबईत इंग्रजीत छापलं गेलं, मूळ संस्कृतावरून, आणि 'युरोपी खेळाच्या रीतीला अनुसरून' हे शीर्षकातच होतं. देशी खेळात प्याद्याची पहिली दुहेरी चाल सहसा नव्हती, कॅसलिंग आजच्यासारखं नव्हतं. म्हणजे तेव्हाही कोणीतरी बसून ठरवलं असणार की कोणती पोझिशन नव्या नियमांत टिकते आणि कोणती नाही. असं एखादं देशी नियमांचं पुस्तक हाती घेतलंत तर इंजिन लावण्याआधी नियमांचं पान लिहा, कारण इंजिनला ते नियम माहीत नाहीत.

शेवटची तपासणी दोघांनी करायची. एकाने जुन्या पुस्तकातून चाल मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने नव्या छापील प्रुफावरून पटावर खेळायची. संगणक बंद. प्रूफ पानांचंच हवं, फाइल पडद्यावर उघडून नाही, कारण पानं लावताना ओळ तुटते आणि चालीचा आकडा एका पानावर, चाल दुसऱ्यावर जाते. मग तीच पानं तीन वाचकांना द्या: एक नुकताच स्पर्धा खेळू लागलेला, एक १४०० च्या आसपास रेटिंगचा, एक १८०० च्या वरचा. पहिला कुठे अडला ते आकृत्यांचं दुखणं, दुसरा कुठे अडला ते भाषेचं, आणि तिसरा तुमच्या टिपांतल्या चुका काढेल. तिसऱ्याकडून प्रूफ परत आल्याशिवाय छपाईला पाठवू नका.